एकतर्फी सावड

म्हस्कू मारकड हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, आणि ते त्यांनी पाहिलं.

"हसा मॅडम, हसा," ते म्हणाले. "म्हस्कोबाला नवस बोलून आईनं ठेवल्यालं नाव हाय. बदललं तर देव रागवंल, न्हाय बदललं तर पुण्याची माणसं हसत्याली. देवापेक्षा तुमी परवडला."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी आणखीच हसले. त्र्याण्णव साली बारामतीला आल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते, म्हणून ते लक्षात राहिलं.

आमचं कॉलेज आयुर्वेदाचं. जळोचीच्या बाजूला माळावर दोन मजली इमारत, आणि वर येणार येणार म्हणून सळया काढून ठेवलेला तिसरा मजला. तो मी असेपर्यंत काही आला नाही. मी शरीरक्रिया शिकवायची आणि मारकड सर शारीर, म्हणजे हाडं, स्नायू, शवविच्छेदन. ते हुद्द्यानं फक्त डेमॉन्स्ट्रेटर होते, पण पहिल्या वर्षाचं निम्मं कॉलेज तेच चालवायचे. उंच, काटक, चाळिशीच्या अलीकडचा माणूस. पांढरा कोट नेहमी एक इस्त्री मागे.

सहा महिने कसेबसे काढायचे आणि पुण्याला परत पळायचं, असं मी ठरवून आले होते. कारण सांगायला लाज कसली? त्या कॉलेजात कुणीच सुखी नव्हतं. मुलं तर नव्हतीच. वालचंदनगरच्या क्वार्टर्समधून आलेली चार पोरं इंग्रजी वाचायची, पण घरच्या आठवणीनं मेसचं ताट तसंच ठेवून उठायची. इंदापूरकडच्या खेड्यांतून आलेली मराठी शाळेतली पोरं ताट चाटूनपुसून खायची, पण वर्गात तोंड उघडायची नाहीत. शारीराच्या जाडजूड पुस्तकाचं पहिलं पान उलटेपर्यंत त्यांची दिवाळी यायची. मास्तरमंडळी म्हणाल तर आम्ही तिघं-चौघं स्टाफरूममध्ये आपापल्या खिडकीकडे तोंड करून आपापला डबा खायचो. डॉक्टरकीच्या शिक्षणात माणूस सगळ्यात आधी एक गोष्ट शिकतो, ती म्हणजे आपल्याला काय येत नाही हे झाकून ठेवणं. मुलं आमच्यापासून झाकायची, आम्ही एकमेकांपासून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ सतत झाकून ठेवली की हात कशालाच उरत नाही.

हे मारकड सरांना सोसवलं नाही. एका संध्याकाळी त्यांनी पहिल्या वर्षाची सगळी मुलं व्हरांड्यात बसवली. मी पायऱ्या उतरून निघाले होते, पण ओरडण्याऐवजी शांत आवाज आला म्हणून थांबले.

"सावड म्हंजे काय, कुणाला म्हायती हाय?" त्यांनी विचारलं.

खेड्यातली पोरं गालात हसली. वालचंदनगरच्या समर्थला काही कळलं नाही. समर्थचे वडील कारखान्यात इंजिनिअर, आणि पोरगा इतका अबोल की हजेरीलाही हात वर करायचा.

"समर्थ, ऐक. माझ्याकडं एकच बैल हाय, तुझ्याकडं बी एकच. एका बैलावर औत चालंल का? मग आज दोन्ही बैलं माझ्या रानात, उद्या तुझ्या रानात. ही सावड. पैशाचा संबंध न्हाय. पण घेतल्याली सावड फेडायची, हा नेम. आजपासनं हितं सावड. ज्याला इंग्रजी येतंय त्यानं एक बैल आणायचा, ज्याला चित्र काढता येतंय त्यानं दुसरा. आणि बसल्या बसल्या पैलं काय सांगायचं? मला काय येत न्हाय ते. रान कुठं पडीक हाय हेच सांगितलं न्हाय, तर नांगर घालणार कुठं?"

त्यांनी समर्थची जोडी दिपालीशी लावली. दिपाली लासुर्ण्याची, ऊसवाल्या शेतकऱ्याची मुलगी. पहिल्या चाचणीत नापास झाली होती आणि तिनं ट्रंक भरून ठेवली होती. इंग्रजी शब्द दिसला की घाबरायची. पण खडू हातात दिला की फळ्यावर मनगटातली आठही हाडं अशी काढायची की उचलून घ्यावीत. समर्थला शब्द येत होते आणि हाडं दिसत नव्हती, तिला हाडं दिसत होती आणि शब्द येत नव्हते. पहिले आठ दिवस दोघं एकमेकांकडे न बघताच बोलली. नंतर भांडायला लागली, तेव्हा सर मला म्हणाले, "आता जमलं."

मला वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ. खोटं ठरलं. वर्ष संपता संपता व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरेना. मेसमधली ताटं रिकामी परत जायला लागली. ट्रंक भरून एस.टी. स्टँडवर जाऊन बसणं थांबलं. परीक्षेच्या आधी ओकाऱ्या काढणारी एक मुलगी होती, तीही बरी झाली, औषधाशिवाय, आणि आम्ही सगळे औषध देणारे! मलाही त्यांनी सोडलं नाही. "मॅडम, तुमाला काय येत न्हाय?" असं भर व्हरांड्यात विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "लुना." मग मी ज्यांना श्वसनसंस्था शिकवत होते, त्याच पोरींनी मला जळोचीच्या रस्त्यावर लुना शिकवली. दोनदा उसात घुसले. दुसऱ्यांदा उसाचा मालक बाहेर आला आणि "बाई, वाट हिकडं हाय" एवढंच म्हणून परत गेला. पुण्याला पळायचं माझं तेव्हाच मागं पडलं असावं. स्टाफरूममध्ये आम्ही एका टेबलावर बसायला लागलो. आपल्याला न येणारा धडा दुसऱ्या मास्तरकडून समजून घ्यायला लागलो, आणि त्यामुळे कुणाचीही पदवी काही गळून पडली नाही.

पण एक गोष्ट मला बोचायची. व्हरांड्यात सगळे आपलं पडीक रान सांगायचे. मारकड सर मात्र कधीच नाही. "आणि सर, तुमचं?" असं कुणी विचारलं की ते हसून "माझं बघू निवांत" म्हणायचे आणि पुढच्या जोडीकडे वळायचे.

त्यांचं पडीक रान शेवटी मानसिंगरावांनी सांगितलं, तेही स्टाफरूममध्ये, चहा पिता पिता. मानसिंगराव आमच्या संस्थेचे सचिव. माणूस मनानं वाईट नव्हता, पण आवाज हळू करायचा असतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मारकड सर, तुमी आमाला पायजे. पोरं तुमच्यावर जीव टाकत्यात. पण नियम आला म्हंजे आला. एम.डी. न्हाय त्याला शिकवायच्या जागंवर ठेवता येत न्हाय. औंदा उन्हाळ्यात पास व्हा, कायम करून टाकतो. न्हायतर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

शिपाई चहाचे कप गोळा करत होता. संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झालं, आणि दुसऱ्या दिवशी लासुर्ण्यात.

खरी गोष्ट अशी. सरांनी पुण्यात एम.डी.ची तीनही वर्षं पुरी केली होती, प्रबंध दिला होता, लेखी परीक्षा चांगली गेली होती. तोंडी परीक्षेत एक प्रश्न आला, त्याचं उत्तर येईना, आणि ते गप्प उभे राहिले. 'येत नाही' हे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. परीक्षकांनी पुढचं विचारलं, तरी गप्प. त्याचं येत होतं, पण गप्प. नापास होऊन ते आमच्याकडे नोकरीला आले, आणि परत परीक्षेला बसायचं दरवर्षी पुढं ढकलत राहिले. सबब हाताशी होतीच, आमच्या मुलांची.

मुलांनी त्याच आठवड्यात ठरवलं की आता सरांच्या रानात जायचं. तिसऱ्या वर्षाची पोरं लेखीचे विषय वाटून घेणार, पहिली-दुसरी रोज संध्याकाळी प्रश्न विचारणार. समर्थ, हो, हजेरीला तोंड न उघडणारा समर्थच, सगळ्यांच्या वतीनं बोलायला उभा राहिला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझं मी बघतो. तुमची परीक्षा तोंडावर आलीया. बसा, हाडं काढा."

मी चिडले. माझा राग नाकावरच असतो. सरांना गाठून विचारलं, "हा कसला मोठेपणा? सगळ्यांना द्यायचं आणि आपण कोरडं राहायचं?"

ते कठड्याला टेकले. मग जे बोलले ते त्यांनी मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, माझं आईबाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडं जायचं, ते पावसाळ्याला माघारी यायचं. शाळा बुडू नये म्हणून मला लासुर्ण्यात मावशीकडं ठेवलं. मावशीचं घर चांगलं. पण घर दुसऱ्याचं. मी उठायच्या आधी उठायचो, झाडायचो, पाणी भरायचो, कुणी काय म्हणायच्या आत काम करून मोकळा. फुकट खातंय असं कुणाच्या मनात बी येऊ नये म्हणून. भूक लागली तरी मागायचं न्हाय. मागायचं कसं असतंय ते मला येतच न्हाय. आता या वयात पोरांपुढं हात पसरू?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. एक लहानसं पोर भुकेल्या पोटी अंगण झाडताना मला दिसलं. ते पोर अजून झाडतच होतं.

तो पेच माझ्याच्यानं सुटला नाही. सोडवला दिपालीनं, आणि तोही फारच कडू औषध देऊन.

ती तेव्हा दुसऱ्या वर्षात होती, पण पहिल्या वर्षाचा शारीराचा पेपर तिचा अजून राहिला होता. तो निघाला नाही, तर पुढे जाता येणार नव्हतं. सर रोज संध्याकाळी तिच्यासाठी वेगळा वेळ काढायचे. एके दिवशी व्हरांड्यात तिनं वही उघडलीच नाही.

"सर, मी उद्यापासनं येणार न्हाय."

"का गं? काय झालं?"

"आमच्या दादांनी इचारलं, म्हस्कूसर तुला इतकं शिकवत्यात, त्यांच्या परीक्षेला तुमी पोरं काय करताय? मी सांगितलं, सर काय करूच देत न्हाईत." दादा म्हणजे तिचे वडील. दिपाली थांबली नाही. "तर दादा म्हणालं, एकतर्फी सावड नसती. माझा बैल ज्याला चालत न्हाय, त्याचा बैल मी रानात घेत न्हाय. तसं घेतलं तर ती भीक झाली. सर, तुमी आमाला भिकारी केलंय."

मी दिपालीला दटावणारच होते, पण सरांचा चेहरा बघून थांबले. जन्मभर आपण कुणाचं फुकट खात नाही एवढंच त्यांनी सांभाळलं होतं. दुसऱ्याला फुकट खाऊ घातलं, तर त्याच्याही घशात तो घास तसाच अडकतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सावड ज्यांनी आमच्याकडे आणली, त्यांनीच तिचा नेम मोडला होता, आणि तोही माणुसकीपोटी.

दिपाली खरंच दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पोरगी मागच्या भिंतीशी एकटीच पुस्तक घेऊन बसायची, आणि तिला कळत काही नव्हतं हे मला लांबूनही दिसायचं. तिसऱ्या दिवशी मारकड सर तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

"चल. आज माझ्या रानात."

त्यानंतरचे अडीच महिने आमच्या कॉलेजचे सगळ्यात चांगले दिवस होते असं मी आजही म्हणेन. रोज संध्याकाळी सर मधोमध स्टुलावर बसायचे आणि पोरं भोवती. त्यांना प्रश्न विचारताना पोरांना असा चेव यायचा की काही विचारू नका. पहिल्या वर्षाची एक मुलगी परीक्षकासारखा चष्मा नाकावर ओढून "हं, पुढे?" म्हणायची, आणि सर हसून हसून उत्तर विसरायचे. मी संस्कृत श्लोकांचं बघायची. मुलांचाही अभ्यास त्यात आपोआप होत होता, कारण प्रश्न विचारायचा तर उत्तर आधी आपल्याला यावं लागतं. दिपाली पूर्वीच्या जागी, समर्थशेजारी, परत बसायला लागली होती.

पण जुनी सवय सुंभासारखी, जळली तरी पीळ राहतोच. मुळाशी अडलं की सर अजूनही निसटायचे. गर्भाच्या पोटात आतडं कसं फिरून जागेवर येतं, हा शारीरातला मोठा अवघड धडा. सर तो घडाघडा म्हणून दाखवायचे. एकदा दिपाली म्हणाली, "सर, मी हातानं दाखवू का? मला ते दिसतंय." तर ते घाईनं म्हणाले, "येतंय मला, येतंय. पुढचं इचार." दिपालीनं माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोघींनाही कळलं होतं, आणि दोघीही गप्प बसलो, कारण परीक्षा चार दिवसांवर होती.

लेखी आटोपल्यावर तोंडी परीक्षेला ते पुण्याला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी स्टँडवर लुना घेऊन उभी होते. मला चैन पडत नव्हतं, खोटं कशाला सांगू? चेहऱ्यावरून काही कळेना. आम्ही स्टँडसमोर चहा घेतला.

"काय विचारलं?"

"आतडं." ते म्हणाले. "मी धडाधडा म्हणून दाखवलं. परीक्षक म्हातारं होतं. म्हणालं, हे पाठ झालं. आता हातानं दाखवा, कसं फिरतं ते."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"मग?"

"मग तेच झालं, मॅडम. जीभ टाळ्याला चिकटली. मागच्या खेपंसारखं समदं काळं दिसाया लागलं. आणि मग दिपालीचं तोंड डोळ्यापुढं आलं. ती बाजूला भिंतीपाशी बसल्याली. मी म्हणालो, सर, हे मला दाखवता येत नाही. पाठ आहे, पण दिसत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला दिसतं. ती दाखवत होती, मीच बघितलं नाही. परत गेलो की तिच्याकडून शिकणार आहे."

"आणि ते काय म्हणाले?"

"काय न्हाय. पुढचं इचारलं. मला समदं येत होतं, समदं सांगितलं." त्यांनी चहा संपवला. "पास-नापास म्हायती न्हाय. पण तोंडातनं निघालं, मॅडम. येत न्हाय म्हणून निघालं."

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकते. निकाल सव्वा महिन्यानं लागला, ते पास झाले, आणि मानसिंगरावांनी दिलेला शब्द पाळून त्यांना कायम केलं. दिपालीचाही पेपर त्याच वर्षी निघाला. पेढे वाटले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अर्धं कॉलेज सरांच्या घरी जेवायला गेलं, त्यांच्या आईनं, बानूबाईंनी, मला आग्रह करकरून इतकं वाढलं की दोन दिवस मी उपाशी राहिले. हे सगळं झालं. पण मला विचाराल तर मारकड सरांची परीक्षा निकालाच्या कितीतरी आधी संपली, पुण्याहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

त्या सकाळी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचा एकत्र तास होता. मुलं टाळ्या वाजवायला सज्ज होती. सर आत आले, टेबलाकडे गेलेच नाहीत. सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसले, पोरांच्या मध्ये. गुडघे बाकाखाली मावत नव्हते.

"दिपाली, फळ्यापाशी जा. काल मी परीक्षेत अडलो. आतडं कसं फिरतंय ते मला शिकव."

दिपाली लाल झाली. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे तिनं पाहिलं, मी मान हलवली. ती पळत बाहेर गेली आणि चौकीदाराच्या सायकलची जुनी ट्यूब घेऊन आली. एक पेन मध्ये धरलं, ही रक्तवाहिनी म्हणाली. ट्यूबचा फास त्याभोवती धरला, हे आतडं. गर्भाच्या पोटात जागा नसते म्हणून ते नाळेत बाहेर जातं, बाहेर असतानाच एक वळण घेतं, आणि पोट मोठं झालं की परत आत येता येता उरलेलं वळण पुरं करतं. सुरुवातीला ती ट्यूबकडे बघूनच बोलत होती. मग ती शिकवण्यात अशी बुडाली की समोर कोण बसलंय हे विसरली. ट्यूब एकदा हातातून सुटून समर्थच्या डोक्यावर पडली तरी कुणी हसलं नाही.

तिनं शेवटचं वळण दाखवलं, हात खाली केले, आणि सरांसारखंच, अगदी त्यांच्याच ढंगात, विचारलं, "कळलं का?"

नंतर आपण कुणाला विचारलं हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं जीभ चावली.

मारकड सर त्या ट्यूबकडे बघत होते. सगळ्या वर्गादेखत त्यांनी मान हलवली.

"न्हाय," ते म्हणाले. "परत एकदा सांग."